थेरगावात टू बीएचके घेण्याची सोपी पद्धत

ही मार्गदर्शिका आयुष्यात पहिल्यांदाच फ्लॅट घेणाऱ्यांसाठी आहे. दुसऱ्यांदा घेणाऱ्यांना तिची गरज पडत नाही. ते हॉल, किचन, बेडरूम काही न बघता सरळ खाली पार्किंगमध्ये जातात आणि वॉचमनकाकांना पाण्याच्या टाकीचं झाकण उघडायला सांगतात.

पिंपरी-चिंचवडमधलं थेरगावच का, हे आधी ठरवून ठेवा, कारण पुढे सगळे तेच विचारणार आहेत. घरात एक नोकरी पिंपरीच्या कारखान्यात आणि दुसरी हिंजवडीच्या आयटी पार्कात असेल, तर नकाशावर दोन्ही ठिकाणं रेघेने जोडून बघा. रेघ थेरगावाजवळूनच जाते. वाकडचे भाव विचारून झालेले असतात. पिंपळे सौदागरचे विचारायचा धीर होत नाही. पुनावळ्याच्या उंच टॉवरांकडे बघून आई म्हणालेली असते, "इतक्या वर कोण चढून यायचं?" थेरगावात अजून गावठाण शिल्लक आहे. तीन-तीन मजली घरं आहेत, खाली मालक आणि वर भाडेकरू, त्यांच्यामध्येच एखादी सात मजल्यांची सोसायटी. शेजारीण नाव विचारते, पाठोपाठ गाव विचारते, आणि लातूर किंवा जळगाव म्हटलं की तालुकाही विचारते. नदीपलीकडे चिंचवडगाव आणि मोरया गोसावींची समाधी, अलीकडे केजूदेवीचा बंधारा आणि बोट क्लब. बिर्ला हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर. दिलीप वेंगसरकर क्रिकेट अकादमी इथेच. ऋतुराज गायकवाड तिथेच खेळून मोठा झाला. एजंट ही अकादमी हटकून दाखवतो आणि तुमच्या पाळण्यातल्या मुलाकडे बघत म्हणतो, "सर, याचं करिअर सेट!" फ्लॅटच्या भावात ते करिअर धरलेलं असतं.

घर शोधताय हे नातेवाइकांना सगळ्यात शेवटी सांगा. कोथरूडची आत्या म्हणेल, "थेरगाव? म्हणजे चिंचवडच्याही पलीकडे ना रे?" सासरे म्हणतील, "त्यापेक्षा गावाकडे दोन एकर घेतली असती." दोघांचंही ऐकून घ्यावं. घरभरणीला तांब्याची कळशी तेच आणणार आहेत.

पायरी पहिली: पैसे. माफक घर घ्यायचंय ना? मग माफक हिशेब करू. समजा करार 60 लाखांचा. या रकमेला बँक 80 टक्के देते, म्हणजे 48 लाख. नवशिक्याला वाटतं, 12 लाख जमवले की झालं. मुद्रांक शुल्क आणि जीएसटी बँक सहसा धरत नाही. आपल्या भागात मुद्रांक शुल्क मेट्रोच्या अधिभारासकट 7 टक्के, म्हणजे 4 लाख 20 हजार. नोंदणी फी 30 हजार. बांधकाम चालू असेल तर 5 टक्के जीएसटी, 3 लाख. म्हणजे 12 लाखांचे साडेएकोणीस झाले, आणि अजून पंखेही लागलेले नाहीत. (सगळं मिळून 45 लाखांच्या आतलं आणि 90 चौरस मीटरपर्यंत कार्पेटचं घर असेल तर जीएसटी 1 टक्का. भोगवटा पत्र मिळाल्यानंतर घेतलं तर शून्य. ही कंसातली दोन वाक्यं वहीत लिहून ठेवा.) 48 लाखांचा साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता 41 हजार 600 च्या पुढे जातो, आणि शेवटच्या हप्त्यापर्यंत बँकेला परत केलेली रक्कम एक कोटीच्या काठावर येते. ही बेरीज जेवणाआधी करू नये.

करार 50 लाख किंवा त्याहून जास्तीचा असेल तर विकणाऱ्याला द्यायच्या पैशांतून 1 टक्का टीडीएस कापून आयकर खात्यात भरायची जबाबदारी घेणाऱ्याची आहे. हे कुणी सांगत नाही. थेट नोटीसच येते.

घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. आपल्या उदाहरणात 60 हजार रुपये. ही सवलत वाचून घरातला पुरुष उत्साहाने म्हणतो, "मग जॉइंट करू!" जॉइंटला सवलत नाही. यानंतर घरात थोडा वेळ शांतता असते. माझं मत विचाराल तर 60 हजार वाचवावेत. हप्ते दोघं भरता, नाव तिचं लागलं म्हणून छत गळायला लागत नाही.

पायरी दुसरी: एजंट. एजंटालाही आता महारेराची परीक्षा पास होऊन नोंदणी घ्यावी लागते, तेव्हा नोंदणी क्रमांक मागायला संकोचू नका. तो देतो, पण थोडा दुखावतो. एजंटाच्या जगात सगळं दहा मिनिटांवर असतं: हिंजवडी दहा मिनिटं, एक्स्प्रेसवे दहा मिनिटं, मेट्रो दहा मिनिटं. खोटं बोलत नाही तो. रविवारी पहाटे बाइकवरून त्याने स्वतः बघितलेलं असतं. तुम्ही मात्र कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला हिंजवडीहून निघा, भूमकर चौक पार करा आणि डांगे चौकात पोहोचा. गाडीत सोबत साइट दाखवणारा एजंट असेल तर फार उत्तम. भाव कमी करायची बोलणी करायला एवढा निवांत वेळ पुन्हा मिळत नाही.

मेट्रोबद्दल थोडं सविस्तर. पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो 6 मार्च 2022 रोजी सुरू झाली आणि पुढे स्वारगेटपर्यंत गेली. ती जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून जाते. हिंजवडी-शिवाजीनगरची मार्गिका वाकडकडून. थेरगावातून यातली एकही जात नाही. सांगवी-किवळे बीआरटीची बस मात्र 2015 पासून डांगे चौकातून धावते आहे. तिची जाहिरात कुणी करत नाही, कारण तिच्यात बसता येतं.

पायरी तिसरी: सॅम्पल फ्लॅट. बूट काढून आत जा. एसीची हवा घ्या. सरबत प्या. पलंग कापडी टेपने मोजा. प्रौढ माणसाचे पाय बाहेर राहतील असा तो बनवून घेतलेला असतो. खोल्यांना दारं नसतात, म्हणून जागा मोठी वाटते. कपाटांची खोली वीतभर असते. मग एकच प्रश्न विचारा: "कार्पेट किती?" सेल्सवाली मुलगी 'सेलेबल' सांगेल. तुम्ही पुन्हा कार्पेट विचारा. ती म्हणेल, "सर, बाल्कनी धरून..." बाल्कनी न धरता विचारा. रेरा कायद्याप्रमाणे कार्पेटमध्ये आतल्या भिंती येतात; बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी येत नाही, आणि जाहिरातीत, करारात कार्पेटच लिहावं लागतं. हजार फुटांचं म्हणून जुन्या हिशेबाने विकलेलं घर आतून मोजलं की साडेसहाशे-सातशे भरतं. बाकीचं जिना, लिफ्ट आणि लॉबी म्हणून तुमच्याच मालकीचं आहे. तिथे चपलांचं कपाट ठेवून बघा, म्हणजे मालकी किती ते सेक्रेटरी सांगतील.

'रिव्हर व्ह्यू'ला जास्तीचे पैसे मागितले तर एकदा मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळी त्या बाल्कनीत उभे राहा. पवना नदी तेव्हा दिसत नाही. काठापासून काठापर्यंत जलपर्णी असते, आणि दिवेलागणीला तिच्यातले डास पुरेशा संख्येने तुमच्या भेटीला येतात. पावसाळ्यात याच नदीचं पाणी समोरच्या मोरया गोसावी मंदिरात शिरल्याचे फोटो पेपरात येतात. नदीकाठच्या इमारतीसाठी निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते महापालिकेत बघा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या. पूर मात्र वेळापत्रक वाचत नाही.

चौथी पायरी बहुतेक बिल्डरच उरकून घेतो: ती म्हणजे टोकन. कायदा सांगतो की नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. "आज पाडव्याची ऑफर आहे, वीस टक्के भरा, करार दिवाळीला करू," असं कुणी म्हटलं तर गोड हसून घरी या. पाडवा दरवर्षी येतो.

आता कागद. इथे घाई करू नका, चहा मागवा.

थेरगावची जमीन नीट समजून घ्यायची असेल तर मागे जावं लागतं. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण 1972 साली स्थापन झालं. कारखान्यांतल्या कामगारांना परवडणारी घरं देणं हा हेतू. त्यासाठी आजूबाजूच्या गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. संपादन रेंगाळलं, मोबदलाही रेंगाळला, आणि शेतकऱ्याने गुंठा गुंठा विकायला काढला. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. मराठवाडा, खानदेश, विदर्भातून आलेल्या कामगाराला प्राधिकरणाचं घर मिळालं नाही. त्याने पीएफमधून पैसे काढले आणि स्टॅम्प पेपरवर, कुलमुखत्यारपत्रावर गुंठा घेतला. खाली दोन खोल्या बांधल्या. मुलगा मोठा झाला तसा वर मजला चढला. परवानगी कुणी मागितली नाही, कारण मिळण्यासारखी नव्हती. असं करत शहरात बेकायदा बांधकामं साठ हजारांच्या पुढे गेली. श्रीकर परदेशी आयुक्त असताना, 2012 ते 2014 च्या दरम्यान, पाडापाडी झाली. बेकायदा बांधकामांवर दुप्पट शास्तीकरही लागला. 2017 मध्ये प्राधिकरणाने उच्च क्षमता द्रुतगती मार्गाच्या नावाने नोटिसा काढल्या तेव्हा थेरगाव, काळेवाडी, रहाटणी या पट्ट्यातली माणसं घरं वाचवायला रस्त्यावर आली. ज्या प्राधिकरणाने त्यांना घर द्यायचं होतं, तेच रस्त्यासाठी त्यांचं घर मागत होतं. 2021 मध्ये ते प्राधिकरणच विसर्जित होऊन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात (पीएमआरडीए) विलीन झालं. घरं आहेत तिथेच आहेत.

या माणसांना हसण्याचं काही कारण नाही. शहर त्यांच्या हातांनी उभं राहिलं आणि त्यांना राहायला कायदेशीर जागा द्यायचं विसरलं. पण तुम्ही आज, कर्ज काढून, दीड गुंठ्यावरच्या आठ फ्लॅटच्या 'अपार्टमेंट'मध्ये घर घेत असाल, तर गोष्ट वेगळी आहे. भाव शेजारच्या सोसायटीपेक्षा बराच कमी असतो आणि विकणारे दादा छातीवर हात ठेवून सांगतात, "शास्ती माफ झालीय, आता सगळं अधिकृत." शास्तीकर 2023 मध्ये माफ झाला, हे खरं. म्हणजे दंड माफ झाला. बांधकाम अधिकृत झालं नाही. त्यासाठी गुंठेवारी कायद्याखाली वेगळं नियमितीकरण करून घ्यावं लागतं. 2001 च्या त्या कायद्याची मुदत 2021 च्या दुरुस्तीने डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवलेली आहे. तसा दाखला असेल तर बघायला मागा. नसेल तर दादा टॅक्स पावती दाखवतील, लाइट बिल दाखवतील. महापालिका बेकायदा बांधकामालाही कर लावते आणि महावितरण त्यालाही मीटर देतं. सगळ्यात सोपी परीक्षा: एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेत कर्जाला अर्ज करा. बँक नाही म्हणाली आणि दादा म्हणाले, "आपल्या पतसंस्थेतून करून देतो," तर उत्तर तुम्हाला मिळालेलं आहे.

अधिकृत इमारतीतही वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. सातबारा, फेरफार, बांधकाम परवाना, भोगवटा पत्र आणि जागेचा झोन दाखला बघा. झोन दाखला विशेष करून, कारण शहराचा सुधारित विकास आराखडा मे 2025 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा कुणाच्या अंगणातून रस्ता गेला, कुणाच्या गच्चीवर बाग आली, आणि हजारो हरकती दाखल झाल्या. नवा प्रकल्प असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर त्याचा क्रमांक टाका. जाहिरातीवरचा क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन करूनही तिथे जाता येतं. पझेशनची तारीख किती वेळा पुढे ढकलली ते तिथे दिसतं. माहितीपत्रकातल्या पोहणाऱ्या मुलीपेक्षा ही माहिती उपयोगाची.

पाणी. याला मी पायरी म्हणत नाही; हा अभ्यासक्रम आहे.

पिंपरी-चिंचवडला बहुतेक पाणी पवना धरणातून येतं. धरणातून ते नदीत सोडतात, रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात, निगडीला शुद्ध करतात आणि मग शहरात वाटतात. नोव्हेंबर 2019 पासून महापालिकेने दिवसाआड पाणी सुरू केलं. काही महिन्यांसाठी, असं तेव्हा म्हटलं गेलं होतं. धरण काठोकाठ भरलं तरी पाणी दिवसाआडच, कारण अडचण धरणाची नाही, वाढलेल्या शहराची आहे. धरणातून थेट बंद पाइपने पाणी आणायचं तर मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ एक्स्प्रेसवेवर आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले. काम थांबलं. स्थगिती उठायला 2023 उजाडलं. बाथरूममधला शॉवर किती इंचाचा घ्यावा याची चर्चा करताना हे माहीत असलेलं बरं.

तेव्हा नवशिक्याने काय करावं? बिल्डरला पाण्याबद्दल विचारू नये. तो "कॉर्पोरेशनचं आहे, बोअर आहे" म्हणेल, आणि दोन्ही खरं असेल. बऱ्याच प्रकल्पांना परवानगी देताना बिल्डरकडून हमीपत्र घेतलेलं असतं की पालिका पुरेसं पाणी देईपर्यंत मी स्वतः पुरवीन. ते हमीपत्र मागा. पझेशननंतर त्यातला 'मी' गायब होतो आणि टँकरचं बिल सोसायटीच्या नावाने येऊ लागतं. जुन्या सोसायटीत घेत असाल तर चेअरमनला विचारूनही उपयोग नाही. आपल्या इमारतीचा भाव पडेल म्हणून ते म्हणतील, "टँकर? छे, कधीतरी, मे महिन्यात." सरळ मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद मागा आणि 'पाणी खर्च' ही ओळ शोधा. चेअरमनसाहेब भीड धरतात, ऑडिट केलेला ताळेबंद धरत नाही. त्यातूनही खात्री हवी असेल तर पहिल्या मजल्यावरच्या काकूंना गाठा. पाणी किती वाजता येतं, प्रेशर किती असतं, कोणत्या विंगचा व्हॉल्व्ह कोण फिरवतं, कोणाच्या घरी भाडेकरू जास्त आहेत, सगळं कळेल. पोहेही मिळतील.

पार्किंगचं थोडक्यात: मोकळं पार्किंग बिल्डरला विकता येत नाही. झाकलेलं विकता येतं, आणि मग त्याचा क्रमांक करारात हवा. "तोंडी ठरलंय" म्हणणाऱ्याची गाडी कायम दुसऱ्याच्या जागेत उभी असते.

वास्तुशास्त्राचं आणखी थोडक्यात: दक्षिणमुखी घर इतर घेत नाहीत, म्हणून स्वस्त मिळतं. पितृपक्षात बोलणी करा. सेल्स ऑफिस रिकामं असतं, मॅनेजर स्वतः भेटतो आणि गणपतीत जे फुकट देणार नव्हता ते मॉड्युलर किचन देऊन टाकतो.

नोंदणीच्या दिवशी दोन साक्षीदार, आधार कार्डं आणि रिकामं पोट नसलेली माणसं न्यावीत. दस्तात तुम्ही 'लिहून घेणार' असता. दस्त पूर्ण वाचा. कार्पेट, पार्किंग क्रमांक, पझेशनची तारीख आणि आपल्या नावाचं स्पेलिंग एवढं तरी वाचाच. अंगठा, फोटो, सर्व्हर डाउन, पुन्हा अंगठा. इंडेक्स टू हातात आला की त्याची प्रत बँकेला द्या, महापालिकेत करआकारणीला नाव लावा, महावितरणचं मीटर नावावर करा. ही कामं लोक घरभरणीनंतर करू म्हणतात आणि घर विकायची वेळ येते तेव्हा करतात.

सगळं वाचून गोंधळ उडाला असेल तर सरळ निकाल सांगतो. पहिलंच घर असेल, पैसे बेताचे असतील, तर थेरगावात नव्या टॉवरच्या नादी लागू नका. दहा-बारा वर्षं झालेल्या, भोगवटा पत्र असलेल्या सोसायटीतला रिसेलचा फ्लॅट बघा. जीएसटी लागत नाही, भिंतींना ओल कुठे येते ते डोळ्यांना दिसतं, पाणी खर्च कागदावर असतो आणि शेजारी आधीच कळतात. सोसायटीची ट्रान्सफर फी महापालिका हद्दीत 25 हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. 'विकास निधी' म्हणून वेगळे लाख मागितले तर उपविधी दाखवा. शेअर सर्टिफिकेट आणि थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. आणि विचारा, कन्व्हेयन्स झालंय का? म्हणजे इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर आली का, की अजून बिल्डरच्या? बिल्डरने करून दिलं नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग आहे. तो न चोखाळता नुसती गच्ची वॉटरप्रूफ करणाऱ्या सोसायट्या पुष्कळ आहेत. कन्व्हेयन्स झालेलं असेल तर फरशी जुनी आहे म्हणून नाक मुरडू नका. फरशी बदलता येते.

राहायला आल्यावर पहिल्या वार्षिक सर्वसाधारण सभेला न चुकता जा. गैरहजर सभासदाला एकमताने सेक्रेटरी करतात.